पळणाऱ्या पोराला कुठे उभं करायचं?

ज्या मुलाचा वेग मी स्वतः मोजला आहे, त्याला मैदानात कुठे उभं करावं याबद्दल मला मत असणारच. मिशिगनमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. दर वसंतात शाळेच्या धावण्याच्या स्पर्धा असतात, तेव्हा शेवटच्या रेषेपाशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्याचं काम माझ्याकडे असतं. माझ्या बीजगणिताच्या वर्गातला एक मुलगा येत्या जूनमध्ये फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात चालला आहे. शाळेच्या संघात तो क्वार्टरबॅक. कॉलेजच्या यादीत मात्र त्याच्या नावापुढे नुसतं ‘ॲथलीट’ लिहिलंय. म्हणजे पोरगा पळतो छान, कुठे बसवायचा ते आल्यावर बघू. माझं म्हणणं असं की तो क्वार्टरबॅक म्हणून खेळत होता, तर पहिलं वर्ष त्याला क्वार्टरबॅकच राहू द्यावं. तिथे जमलं नाही तरच दुसरीकडे न्यावं, आणि न्यायचंच तर रिसीव्हरकडे नव्हे.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांत पेटतो तो नव्हे. इथला चेंडू लांबुळका आणि बहुतेक वेळ हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की आपणच घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, तेही शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. रिसीव्हर ठरलेल्या वाटेने पळतो आणि फेकलेला चेंडू झेलतो. कॉर्नरबॅक प्रतिस्पर्धी संघाचा, त्याने त्या रिसीव्हरला चेंडू मिळू द्यायचा नाही. एवढं कळलं की भांडण समजायला पुरे.

आता वेगाबद्दल. इथे खेळाडूचा वेग चाळीस यार्डांवर मोजतात, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या आसपास. साडेचार सेकंदांच्या आत आला की कोचचे कान टवकारतात. ४.३ ऐकलं की कोच विमानाचं तिकीट काढतो. हा आकडा येतो कुठून ते मला ठाऊक आहे, कारण तो माझ्यासारख्यांच्या अंगठ्यातून येतो. सुरुवातीला आपण पाहतो आणि मग बटण दाबतो, तेवढा उशीर होतो. शेवटी मात्र मुलगा रेषेकडे येताना दिसतच असतो, म्हणून अंगठा वेळेवर किंवा जरा आधीच पडतो. दोन्हीकडून फायदा मुलाचा. म्हणूनच ॲथलेटिक्सवाले छोट्या शर्यतींच्या हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात आणि मगच तिची विद्युत घड्याळाशी तुलना करतात. फुटबॉलवाले काहीच मिळवत नाहीत. व्यावसायिक लीगच्या मोठ्या चाचणीतसुद्धा मुलाने हालचाल केली की माणूस घड्याळ सुरू करतो आणि शेवट तेवढा यंत्राने टिपला जातो. बंदुकीचा आवाज ऐकून उसळी घ्यायला लागणारा वेळ त्यात मोजलाच जात नाही.

तरीही आकडा खरा आहे असं धरून चालू. २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रिसीव्हर जॉन रॉसने त्या चाचणीत ४.२२ ची वेळ दिली. तेव्हाचा विक्रम होता तो. व्यावसायिक संघ नवे खेळाडू ओळीने निवडतात त्या निवडीत सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्या वर्षी त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. दुखापती होत्या, सगळा दोष त्याचा नव्हे. पण त्याचा आकडा पाहून ज्यांनी निर्णय घेतला, त्यांच्या हाती त्या वर्षी आकडाच राहिला. पुढे २०२४ मध्ये टेक्सासच्या झेवियर वर्दीने ४.२१ करून तो विक्रमही मोडला.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो न पळालेला माणूस. लमार जॅक्सन लुइव्हिल विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. २०१६ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी मिळाली. तो क्वार्टरबॅकच खेळेल, हे त्याच्या आईने कॉलेजात जाण्याआधीच कोचकडून कबूल करून घेतलं होतं. २०१८ च्या निवडीआधी मोठ्यामोठ्या जाणकारांनी, त्यात बिल पोलियन यांच्यासारखा मुरलेला संघव्यवस्थापकही होता, उघडपणे सांगितलं की याने रिसीव्हर व्हावं. जॅक्सनने काय केलं? चाचणीला गेला, चेंडू फेकून दाखवला, चाळीस यार्ड मात्र पळाला नाही. रिसीव्हरचे प्रयोगही केले नाहीत. देशातल्या सगळ्यात चपळ खेळाडूंपैकी एक, आणि घड्याळापुढे उभा राहायला तयार नाही! आपला आकडा एकदा कागदावर आला की आपली जागा दुसरेच ठरवतील, हे त्याला पक्कं कळलं होतं. पहिल्या फेरीत शेवटचा, बत्तिसावा म्हणून बाल्टिमोरने त्याला घेतलं. २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, एकमताने. २०२३ चाही तोच. पोलियननी पुढे आपलं चुकलं म्हणून जाहीर सांगितलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

माझा विद्यार्थी कृष्णवर्णीय आहे. हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. शाळेत क्वार्टरबॅक असलेला वेगवान कृष्णवर्णीय मुलगा कॉलेजात गेला की रिसीव्हर किंवा कॉर्नर होतो, ही या देशातली जुनी रीत आहे. विचार करणारी जागा गोऱ्यांची, पळणारी काळ्यांची, असं कोणी उघड म्हणत नसे, पण कारभार तसाच चाले. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक खेळला, पहिल्याच हंगामात त्याच्या फेकींवर चौदा टचडाउन झाले, म्हणजे चेंडू चौदा वेळा शेवटच्या रेषेपार गेला. पुढच्या वर्षी तो बफेलोत होता, रिसीव्हर म्हणून. टोनी डंजी मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९७७ मध्ये कोणीच निवडला नाही, मग पिट्सबर्गने घेतला तो बचावात उभं करायला. वॉरन मून यांनी १९७८ ची रोझ बोल लढत वॉशिंग्टन विद्यापीठाला जिंकून दिली, सामन्याचे मानकरी ठरले, आणि व्यावसायिक लीगच्या निवडीत त्यांचं नावच आलं नाही. जागा बदलायला ते तयार नव्हते. सरळ कॅनडात एडमंटनला गेले, तिथे ओळीने पाच अजिंक्यपदं मिळवली आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनमध्ये परत आले ते क्वार्टरबॅक म्हणूनच. २००६ मध्ये त्यांचा पुतळा हॉल ऑफ फेममध्ये बसला. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, लीगमधले कितीतरी उत्तम क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय आहेत. पण ‘ॲथलीट’ या शब्दाच्या आड ती जुनी सवय अजून दबा धरून आहे की काय, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

आमच्या मिशिगनमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी डेनार्ड रॉबिन्सनचं नाव काढतोच, आणि दोन्ही बाजूंनी काढतो. फ्लोरिडातल्या डीअरफील्ड बीचचा हा मुलगा, शंभर मीटर साडेदहा सेकंदांच्या आसपास पळायचा, बुटांच्या नाड्या न बांधता. बऱ्याच बड्या कॉलेजांना तो हवा होता, पण कॉर्नर किंवा रिसीव्हर म्हणून. मिशिगन विद्यापीठाचे तेव्हाचे कोच रिच रॉड्रिगेझ म्हणाले, क्वार्टरबॅक हो. २००९ च्या पहिल्या सामन्यात पहिल्यांदा चेंडू हातात आला तोच निसटला. त्याने तो उचलला आणि त्रेचाळीस यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. पुढच्या वर्षी नोत्रदामच्या मैदानावर त्याने पळून २५८ आणि फेकून २४४ यार्ड मिळवले. त्यातली एक धाव सत्त्याऐंशी यार्डांची, आणि सामना २८-२४ असा मिशिगनचा. त्या हंगामात त्याने १,७०२ यार्ड पळून आणि २,५७० यार्ड फेकून काढले. एकाच मोसमात दीड हजार पळून आणि अडीच हजार फेकून हा मेळ त्याआधी कोणालाच जमला नव्हता. त्या शनिवारांना आमच्या घरात चहा गार व्हायचा, कारण त्याच्या हातात चेंडू असताना कोणी स्वयंपाकघरात जायला तयार नसे. नवऱ्याला तर क्रिकेटशिवाय दुसऱ्या कशात रस नाही, तोही उभा राहून बघायचा.

विरुद्ध बाजूचे म्हणतात, आणि मग? २०१२ मध्ये नेब्रास्काविरुद्ध कोपराची नस दुखावली, फेकणं बंद झालं. २०१३ च्या निवडीत पाचव्या फेरीत जॅक्सनव्हिलने घेतला तो रनिंग बॅक म्हणून, म्हणजे हातात दिलेला चेंडू घेऊन पळायला, आणि काही हंगामांत सगळं संपलं. पहिल्या दिवसापासून रिसीव्हर असता तर व्यावसायिक खेळात दहा वर्षं टिकला असता. असता का, कोणाला माहीत. पण मुळात हा हिशोबच मला मान्य नाही. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली दोनसुद्धा व्यावसायिक लीगपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत कॉलेजची ती चार-पाच वर्षं हाच त्यांचा सगळा खेळ. ती वर्षं न येणाऱ्या नोकरीच्या तयारीत घालवायची? एक लाख सात हजार माणसं मावतात अशा स्टेडियममध्ये रॉबिन्सन चेंडू हातात घेऊन उभा राहिला, आणि पुढे काय करायचं ते त्याने स्वतः ठरवलं. हे त्याच्याकडून काढून घेऊन कोणी त्याला आणखी दोन वर्षांचा करार दिला असता, तर तो सौदा त्याच्या फायद्याचा ठरला असता असं मला वाटत नाही.

कोचचीही बाजू आहे आणि ती पोकळ नाही. क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो, बाकीचे तीन-चार जण बाकावर. वेगवान मुलगा तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून टोपी घालून उभा राहिला तर संघाचंही नुकसान आणि त्याचंही. शिवाय बदल करून सोनं झालेलेही आहेतच. जूलियन एडेलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक. न्यू इंग्लंडने रिसीव्हर केला आणि दहा वर्षांनी तो सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा, मानकरी ठरला. ओहायो स्टेटच्या ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला, म्हणून २०१५ मध्ये तो रिसीव्हर झाला आणि तिसऱ्या फेरीत निवडला गेला. पण या दोघांच्या बाबतीत बघा: एकाचं कॉलेज संपलं होतं, दुसऱ्याला खांद्याने पर्यायच ठेवला नव्हता. अठरा वर्षांच्या धडधाकट मुलाला पहिल्याच आठवड्यात हलवायला हे दाखले चालत नाहीत.

आणि वाट बघायला तर नियमानेच जागा करून ठेवली आहे. २०१८ पासून नवा मुलगा चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचं वर्ष खर्ची पडत नाही. खेळायची चार वर्षं आणि ती पुरी करायला पाच. त्यावर वसंतातली पंधरा सराव सत्रं. म्हणजे एक अख्खा पानझडीचा मोसम त्याला क्वार्टरबॅकांमध्ये ठेवून, चार सामन्यांत शेवटची दहा-पंधरा मिनिटं खेळवून, वसंतात पुन्हा पाहून मग निर्णय घेतला, तर कोणाच्या खिशातून काय जातं? कोच म्हणतील, आमच्याकडे एवढा वेळ नसतो. ते खरं आहे, हरणाऱ्या कोचला दोन वर्षांत नारळ मिळतो. पण ती कोचची घाई झाली. ती मुलाने का भोगायची? आणि आता मुलगाही पूर्वीसारखा बांधलेला नाही. २०२१ पासून त्याला आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं थेटही पैसे देऊ लागली, आणि नाही पटलं तर दुसऱ्या कॉलेजात जाऊन लगेच खेळताही येतं. भरतीच्या वेळी गोड बोलून नेलेला मुलगा मोसम संपला की बॅग भरतो. शब्द पाळणं आता कोचच्याही सोयीचं झालं आहे.

समजा वर्ष दिलं आणि फेकणं खरंच जमेना. मग? इथे बहुतेक जण रिसीव्हर म्हणतील, मी कॉर्नर म्हणेन. सांगलीत शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. आमच्या वर्गातली शंभर मीटरला पहिली येणारी मुलगी पाठलागाला उत्तम होती. खो मिळाला की एका दिशेने सुसाट, तिथे मागे वळायची परवानगीच नसते. पण संरक्षणाला उतरली की पहिली बाद तीच, कारण तिला हूल देता येत नव्हती आणि दुसरीने दिलेली हूल ओळखताही येत नव्हती. रिसीव्हर आणि कॉर्नर यांच्यात हाच फरक आहे. रिसीव्हरला कुठे वळायचं ते आधीच माहीत असतं, कॉर्नरला ते समोरच्याच्या कमरेकडे बघून ओळखायचं असतं, तेही उलटं पळता पळता. ज्याने शाळेत चार वर्षं क्वार्टरबॅक म्हणून समोरचा बचाव वाचला, त्याला हे वाचन सवयीचं असतं. त्याचं शहाणपण रिसीव्हरच्या जागी निम्मं वाया जातं. दुसरं असं की रिसीव्हरचा वेग परक्याच्या हातात. क्वार्टरबॅकने त्याच्याकडे पाहिलं, चेंडू नीट फेकला, तर त्या वेगाचं चीज. कॉर्नरचा वेग प्रत्येक डावात त्याच्याच कामी येतो, आणि एक पाऊल चुकलं तर भरूनही काढतो.

याची साक्ष याच राज्यात आहे. ओहायोतल्या फ्रीमाँटचा चार्ल्स वुडसन शाळेत रनिंग बॅक होता, राज्यातला सर्वोत्तम. मिशिगनमध्ये तो कॉर्नर झाला, पहिल्या वर्षापासून खेळला, अधूनमधून रिसीव्हर म्हणूनही आत यायचा. १९९७ ची हाइझमन त्याने पेटन मॅनिंगच्या पुढे राहून जिंकली. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला ती मिळाल्याचं तोवर उदाहरण नव्हतं. स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन तर तीन वर्षं रिसीव्हर खेळून स्वतःहून बचावात गेला आणि पुढे लीगमधल्या सर्वोत्तम कॉर्नरमध्ये गणला गेला. स्वतःहून, हे महत्त्वाचं.

एक जागा मात्र कोणत्याही वेगवान मुलाने एकटी स्वीकारू नये: किकचा चेंडू घेऊन परत पळणाऱ्याची. कोचला ती फार सोयीची, काही शिकवावं लागत नाही आणि ‘पहिल्या वर्षापासून खेळवतो’ असं आईवडिलांना सांगता येतं. डेव्हिन हेस्टर मायामी विद्यापीठात इकडेतिकडे फिरत राहिला, त्याची म्हणून जागा झालीच नाही. फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये त्याने पहिलीच किक घेऊन टचडाउन केलं. समोरच्या संघाचा कोच होता टोनी डंजी, तोच ज्याची जागा बदलली होती. सामना शेवटी डंजीच्या संघाने जिंकला. हेस्टर २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण मुख्यतः या कामासाठी तिथे पोचलेला तो पहिलाच. शिवाय २०१८ पासून कॉलेजात किकचा चेंडू हात वर करून पंचवीस यार्डांच्या रेषेआत नुसता झेलला तरी पंचविसावरूनच सुरुवात मिळते, मग पळायचं कोण? जे काम नियमच आटवत चालले आहेत त्यावर चार वर्षं लावू नयेत.

कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर रिसीव्हरही खेळला, कॉर्नरही, आणि २०२४ ची हाइझमन घेऊन गेला. आता प्रत्येक भरतीत त्याचं नाव निघतं. असा एखादाच असतो. कोच त्याचा दाखला बाकीच्यांना देतात तो जागा ठरवायचं टाळायला.

माझ्या विद्यार्थ्याला मी मार्चमध्ये एका कागदावर प्रश्न लिहून दिले. कॉलेजच्या फुटबॉल इमारतीत प्रत्येक जागेची बैठकीची खोली वेगळी असते: क्वार्टरबॅकांची वेगळी, रिसीव्हरांची वेगळी, बचावाची वेगळी. पहिला प्रश्न, ऑगस्टात सकाळी मी कोणत्या खोलीत बसणार? दुसरा, सरावात दिवसाला किती डाव मी चेंडू फेकणार? तिसरा, माझी जागा बदलायची झाली तर ते मला कोण आणि कधी सांगणार? त्याने ते फोनवर विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, ‘दोन्ही खोल्यांत.’ दुसऱ्याचं, ‘बघू या.’ तिसऱ्यावर कोच हसले म्हणे. आईला तेवढं पुरलं. तिने दुसऱ्या एका कॉलेजला फोन लावला आहे. ते लहान आहे, टीव्हीवर क्वचित दिसतं, पण तिथल्या कोचने खोलीचं नाव घेऊन सांगितलं. मुलाचं अजून ठरत नाही. परवा तासाला बसला होता, वहीत वर्तुळं काढत, आणि विचारत होता की मिस, तुम्ही घेतलेली माझी वेळ तुम्ही कोणाला दिली नाहीत ना?